उलट्या तारांची गिटार

दादाचा डावा हात खोक्यांच्या कारखान्यात कटिंग मशीनमध्ये सापडला, तेव्हा सगळे म्हणाले, बोटं वाचली हेच नशीब. वाचली खरी, पण दोन वाकेनात. ज्या बोटांनी तो गिटारच्या तारा दाबायचा, नेमकी तीच. नशिबालासुद्धा काय नेम धरता येतो बघा! दादाने गिटार कामावरच्या कुणाला तरी देऊन टाकली म्हणून सांगितलं आणि तोंडाला कुलूप लावलं. रोज दुपारी बोटांच्या व्यायामासाठी दवाखान्यात जायचा, तेवढंच. मग एके दिवशी घरी येऊन म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही." वहिनीने त्या दिवशी गोडधोड केलं. मी शेजारीपाजारी सांगून आले. दादा मात्र ताटावरून लवकर उठला.

तेव्हापासून तो घरात असूनही नसल्यासारखाच आहे. विचारलं तर 'हं', नाही विचारलं तर तेही नाही. हल्ली मी त्याच्या आधीच जेवून घेते.

परवा आमच्या शिवणाच्या दुकानात एक नवी मुलगी आली. डावखुरी. तिची कात्रीही उलटी, खास डाव्या हाताची. मी बघतच राहिले. कात्री उलटी मिळते, तर गिटार का नाही? उजव्या हाताने तारा दाबायच्या, डाव्याने नुसत्या छेडायच्या. त्याला अंगठासुद्धा पुरे! एवढी साधी गोष्ट घरात कुणाच्या डोक्यात आली नव्हती. मला सुचली म्हणून मी त्या दिवशी गुणगुणत काजं-बटणं केली.

नवी गिटार घ्यायची आमची ऐपत नाही, म्हणून जुनी शोधत फिरले. एकीची मान वाकलेली. सूर लावला की सरळ होते म्हणे. असं असतं तर त्या विकणाऱ्यानेच आधी सूर लावून घेतला असता. दुसरीचं पोट फुटलेलं, आणि भाव मात्र असा की जणू फुटण्याचेच जास्त पैसे. शेवटी एका गल्लीत जुन्या वाद्यांच्या दुरुस्तीचं दुकान सापडलं. छतापासून गिटारी टांगलेल्या, खाली भुशाचा आणि सरसाचा वास.

"स्वस्तातली जुनी पाहिजे," मी म्हटलं. "आणि तारा उलट्या लावून मिळतील का? डावखुऱ्यांसाठी लावतात तशा?"

"नुसत्या तारा फिरवून भागत नाही, ताई," दुकानदार म्हणाला. "वर ही खाचांची पट्टी असते ना, तीपण नवी कापावी लागते. जाड तारेला रुंद खाच." मग त्याला काहीतरी आठवलं. "पण थांबा, एक तयारच आहे. कुणी घेत नाही, म्हणून पडून आहे. कमी करून देतो."

त्याने कोपऱ्यातून एक गिटार काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी तारा दाबून पाहिल्या. जुन्या होत्या, बोटांवर काळे पट्टे उमटले. मग सहज उलटी केली. पाठीवर एक तिरकं घर कोरलेलं होतं. त्या घराला दार नव्हतं.

ते घर दादाच्या लेकीने कर्कटकाने कोरलं होतं. वहिनी तिच्यावर हात उगारून धावली, तेव्हा दादाच म्हणाला होता, "राहू दे गं, घर बांधलंय पोरीने."

"ही कुणाची?" मी विचारलं.

"होते एक गृहस्थ. हात अधू झालेला. त्यांनीच तारा फिरवून घेतल्या. रोज दुपारी मागच्या खोलीत बसायचे. घरी कळू द्यायचं नव्हतं. म्हणायचे, एक गाणं नीट बसलं की घेऊन जाईन आणि सगळ्यांना चकित करीन."

"बसलं?"

"नाही हो. उजवा हात ऐकेचना. रक्त यायचं बोटांतून, तरी बसायचे. एक दिवस माझ्याकडे दिली, म्हणाले, विकून टाक. आणि दारात बराच वेळ उभे राहिले. घरी काय सांगू, म्हणाले."

घरी काय सांगितलं ते मला ठाऊक होतं. दवाखाना त्याने कधीच सोडला होता. डॉक्टरही काही म्हणाले नव्हते. दादाने हार मानली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं गोड खाल्लं. मी दोनदा वाढून घेतलं होतं.

मी गिटार परत दिली. दुकानदार आणखी कमी करायला तयार होता. मी दुकानाबाहेर पडले.

घरी दादा खिडकीपाशी बसला होता. त्याने पाणी मागितलं. मी पेला पुढे केला, तर तो पेला घ्यायचं सोडून माझ्या बोटांकडे बघत राहिला.

"साबणाने धू," तो म्हणाला. "गंजल्यात त्या तारा. मी सांगितलं होतं त्याला, बदल म्हणून."

मी पेला खिडकीत ठेवला आणि बोटं मुठीत लपवली.

"आणली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस." पाणी पिऊन त्याने पेला खाली ठेवला आणि स्वयंपाकघराकडे बघून आवाज बारीक केला. "तुझ्या वहिनीला यातलं काही बोलू नकोस. तिला अजून वाटतंय, मी एकदा प्रयत्न करून बघावा."