महादूच्या जाळ्याचा बोया

दांडीच्या किनाऱ्यावर त्या सकाळी एकही होडी पाण्यात गेली नव्हती. बोंबील वाळवायच्या वलांड्यांपाशी सारं गाव दाटलं होतं आणि मधोमध श्वासानंदबाबा मेले होते. म्हणजे त्यांचंच तसं म्हणणं होतं.

"प्राण टाळूत चढवलाय, बच्चा. बघ नाडी."

मेलेला माणूस एवढा बोलतो कसा, हे कुणी विचारलं नाही. होडीचा म्होरक्या, तांडेल पुंडलिकनं बाबाचं मनगट चाचपलं आणि त्याचा चेहराच उतरला. "नाय लागत. खरंच थांबली हाय."

जवळच अणूपासून वीज काढायच्या केंद्राचं बांधकाम चाललं होतं, आणि इथे हा तमाशा. माझा दवाखाना बोईसरला. मंजुळा नावाच्या कोळणीची शेजारीण ठकी बोलवायला धावत आली, म्हणून मी सायकल हाणत पोचलो होतो.

खेळ चालला होता मंजुळेसाठी. नवरा महादू वादळात बुडाल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. लागलाच तर किंचाळत उठायची. बाबानं निदान केलं, "महादू हिच्या श्वासात अडकलाय. ध्यानात श्वास थांबला की सुटेल." ध्यान लागावं म्हणून तो तिला वाळलेल्या पाकट माशाच्या शेपटीनं फोडत होता. ती शेपटी कातडी सोलून काढते. मंजुळेचं पोलकं पाठीला रक्तानं चिकटलं होतं.

आज शेवटचा उपाय होता, खाऱ्या पाण्यानं भरलेलं पिंप. नाडी थांबून बाबा जगतो, तर श्वास थांबून मंजुळाही जगेल, असा गावाचा हिशेब. सासू येसूबाईनंच तिचे केस धरले होते. "पोर सुटंल हो, डाक्तर," ती रडत म्हणाली. बाबानं मान दाबली. बुडबुडे आले, पाय वाळूत आपटू लागले.

"थांबा," मी ओरडलो. "आधी नाडी थांबल्याची माझी खात्री पटवा. मग मीच बुडवतो तिला."

आव्हान म्हटल्यावर बाबाला माघार घेता येईना. मंजुळेला वर काढलं. ती ओकत वाळूत पडली. बाबानं डोळे मिटून मनगट पुढे केलं. नाडी खरंच नव्हती. मी दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या मानेला लावली. तिथे ती धाडधाड उडत होती.

"पुंडलिक, इथं हात लाव."

त्यानं लावला आणि बाबाकडे बघतच राहिला. मी बाबाचा दंड हिसकून वर केला. कफनीतून एक लाकडी गोळा वाळूत पडला.

"काखेत हा दाबला की हाताकडे जाणारं रक्त अडतं," मी म्हणालो. "मनगटाची नाडी लागत नाही. काळीज चालूच असतं."

मंजुळेनं सरपटत येऊन तो गोळा उचलला. जाळं पाण्यावर तरंगतं ठेवणारा बोया होता तो. दांडीत प्रत्येक घर आपल्या बोयांवर तापल्या सळईनं खूण डागतं. बुडालेल्याचं जाळं मात्र कुणी वापरत नाही, आणि बाबानं महादूचं जाळं शांतीसाठी म्हणून मागून नेलं होतं.

"ही आमची फुली हाय," ती म्हणाली. "त्यांनी माझ्याम्होरं डागली."

पुंडलिकनं वल्हं उचललं. पहिल्या घावात बाबाचे दात वाळूत पडले. दुसरा घाव माझ्या खांद्यावर बसला, कारण मी मध्ये शिरलो होतो. येसूबाई शेपटी घेऊन बाबावर धावली.

माझं डोकं फिरलं. "आत्ता हात चालतात होय रे? घटकेपूर्वी हिला बुडवताना बघत कोण उभं होतं? याला पोलिसांत देऊ. याला मारून तुमचे हात धुतले जायचे नाहीत."

वल्हं खाली आलं. येसूबाईच्या हातून शेपटी गळाली.

बाबाला पोलिसांत दिलं, त्याच आठवड्यात मंजुळेची पाठ बांधताना मी तिला खरं ध्यान सांगितलं. सोसेल तसं ताठ बसायचं. श्वास येतो, जातो, तेवढं बघायचं. तो अडवायचा नाही. मन महादूकडे पळालं तर रागवायचं नाही, हळूच श्वासावर आणायचं. सुरुवातीला थोडा वेळ पुरे. घाबरं झालं तर डोळे उघडून उठायचं. भूत पळत नाही याने, धडधड मात्र निवते आणि झोप यायला मदत होते.

पुढे एकदा तिच्या घरी गेलो, तर सासूसून ओटीवर डोळे मिटून बसलेल्या.

"माजं मन सारखं त्या पिंपाकडं जातं गं," येसूबाई म्हणाली.

"जाऊ दे, आये. परत आण."

बाबांनो, ध्यानाला शेपटी लागत नाही, पिंप लागत नाही, महाराज तर मुळीच लागत नाही. चमत्कार दाखवणारा मनगट पुढे करील. पिंपाला हात लावण्याआधी त्याची मान चाचपून बघा.