पाठ टेकवून

चंद्रपूरच्या ज्या मंगल कार्यालयात माझी झुंज होती, तिथे आदल्या दिवशी कुणाचं तरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. स्टेजवर लाल मखमलीच्या दोन खुर्च्या तशाच पडलेल्या, फुलांच्या माळा अर्ध्या काढलेल्या, आणि त्यांच्यासमोर लोखंडी जाळीचा आठकोनी पिंजरा उभा. मला नवरदेवाच्या खोलीत बसवलं होतं. बसवलं म्हणजे काय, मी उठत होतो, बसत होतो, हाताच्या पट्ट्या सोडून पुन्हा बांधत होतो. माझे उस्ताद धनराजभाऊ शेवटी वैतागले.

"दिनेश, बूड टेकव बे एका जागी."

"भाऊ, बाबा आले काय, पाहा नं."

"आताच तं पायलो. दुसऱ्या रांगेत बसून राह्यले, पंख्याखाली. तू आता तुयं पाय."

बाबा आले म्हणून मी पुन्हा पट्ट्या सोडायला लागलो, आणि आले नसते तर तोंड वाकडं करून बसलो असतो. माझा स्वभावच तसा आहे.

माझे बाबा म्हणजे मुखरू पैलवान. कुरखेड्याकडच्या आमच्या गावांत हे नाव अजून चालतं. गुडघे गेले, तरी दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, आमदंगलीत पंच म्हणून त्यांनाच बोलावतात. मातीच्या कुस्तीत निकालाला वाद नसतो. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. पंच त्याला वळवून पाठीवरची माती गावाला दाखवतो, ढोल वाजतो, खेळ खलास. मी चड्डी घालायला शिकलो त्याच्या आधीपासून बाबांनी माझ्या अंगात एकच गोष्ट मुरवली होती. पडायचंच असेल तर पोटावर पड, माती खा, पण पाठ लागू देऊ नको.

पिंजऱ्यातल्या झुंजीत, म्हणजे ज्याला सगळे नुसतं एमएमए म्हणतात त्यात, ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालतं. तिथे पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही. उलट पालथं पडणं म्हणजे आपल्या हातानं सरण रचणं. समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही पाय कमरेत अडकवतो, हनुवटीखालून हात घालतो आणि गळा आवळतो. डोळ्यांपुढचा उजेड जायला लागतो. मग हातानं थोपटायचं, म्हणजे हार कबूल. माझ्या आधीच्या दोन्ही झुंजी अशाच गेल्या. समोरच्यानं मला फक्त खाली पाडायचं, बाकीचं माझं मीच करायचो, टुणकन पालथा.

धनराजभाऊ ब्रह्मपुरीत एका बंद राईस मिलच्या शेडमध्ये गाद्या टाकून शिकवतात. त्यांनी मला अख्खा पावसाळा पाठीवर निजवून ठेवला. "वरच्याले दोनच हात असते," ते सांगायचे, "तुये पाय मोकळे हायेत. तुले चार." मग आर्मबार शिकवला. वरच्यानं छातीवर हात रोवला की त्याचं मनगट धरायचं, कंबर तिरपी करायची, एक पाय त्याच्या काखेत, दुसरा तोंडावरून पलीकडे, गुडघे आवळायचे आणि कंबर वर ढकलायची. कोपर उलटं वाकतं. सरावात मला हा डाव झोपेतही जमायचा. झुंजीत मात्र पडलो रे पडलो की अंग आपोआप वळायचं. "पालथ्या घड्यावर पाणी," भाऊ म्हणायचे, आणि त्यावर सगळी शेड हसायची.

एवढं असताना मी काय करावं? हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापायला घरी गेलो होतो. बाबा विळ्याला धार लावत म्हणाले, "दोनदा गळा दाबून घेतला. हौस फिटली असन तं मंडईत लंगोट बांध."

"एकदा येऊन पाहा, मंग बोला," मी म्हणालो.

"येतो. पण तुयी पाठ लागली तं माह्यं आयकशील?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाठ लागली तं पिंजरा सोडतो. शब्द!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारला. ज्या डावानं जिंकायला शिकलो, तोच मी शब्द देऊन बाद करून टाकला होता. पिंजरा सोडायच्या नुसत्या विचारानं मला झोप लागत नव्हती. मातीची कुस्ती चांगलीच आहे, पण ती बाबांची होती. ही माझी होती. आणि धनराजभाऊंना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

पिंजऱ्यात माझ्यासमोर होता लोकेश, बल्लारपूरचा, लांब हातांचा. त्यानं माझ्या हरलेल्या झुंजी मोबाईलवर पाहिल्या होत्या, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. पहिल्या फेरीत मी उभाच राहायचं ठरवलं. दोन ठोसे दिले, तीन खाल्ले, आणि मग राहवलं नाही. खाली वाकून त्याच्या पायांचा पट काढायला घुसलो. त्यानं पाय मागे फेकले आणि अंगाचा सगळा भार माझ्या मानेवर टाकला. मी उठायला धडपडलो तसा त्यानं बाहेरून पाय अडकवून मला पाडलं. मी वळलो. झालं, तो पाठीवर, हात गळ्याशी. मी हनुवटी छातीत रुतवली, दोन्ही हातांनी त्याचं मनगट ओढून धरलं आणि घंटा होईपर्यंत तसाच लोंबकळलो.

कोपऱ्यात धनराजभाऊंनी माझ्या तोंडावर पाणी मारलं. "काऊन वळतोस बे?"

मग मात्र मी सांगून टाकलं. "बाबाले शब्द देल्लो भाऊ. पाठ लागू देणार नाई म्हणून."

भाऊंनी पाण्याची बाटली खाली ठेवली. "शब्द देल्ला," ते म्हणाले, "आता गळा बी देतोस काय?"

दुसऱ्या फेरीत लोकेशनं वेळ दवडला नाही. ठोशाची हूल दिली, मी हात वर नेले आणि त्यानं माझे पाय उचलले. पडता पडता मी कुशीवर आलो. त्याचा गुडघा माझ्या कमरेत जागा शोधत होता. एक बाजू पोटाची, एक पाठीची. आणि तेवढ्यात त्या सगळ्या गोंगाटातून बाबांचा आवाज आला.

"पालथा हो दिनेश! पालथा हो!"

आयुष्यभर त्या आवाजासरशी मी वळलो आहे. त्या दिवशी मात्र मला त्याचा भयंकर राग आला. इथे माझा गळा जाणार होता आणि ते मला तिकडेच ढकलत होते. मी उलटा वळलो. पाठ टेकवली. टेकवली म्हणजे दाबून टेकवली, दोन्ही खांदे गादीला लावून.

जाळीतून बाबा उठताना दिसले. त्यांनी खांद्यावर पिशवी घेतली.

लोकेश गोंधळला. मी पाठीवर असेन याची त्यानं तयारीच केली नव्हती. त्यानं ठोसे घातले, एक माझ्या भुवईवर फुटला, आणि मग जोर घ्यायला त्यानं छातीवर हात रोवला. मी मनगट धरलं. कंबर, काख, तोंडावरून पाय. त्याला तोड माहीत होती. त्यानं दोन्ही हात एकमेकांत गुंतवले आणि उठून मला मानेवर दुमडायला लागला. माझे गुडघे माझ्याच तोंडाशी आले. मी मोकळ्या हातानं त्याचा घोटा आतून ओढला, तसा तो लवंडला आणि हाताची गाठ सुटली. मी कंबर वर ढकलली. त्यानं माझ्या मांडीवर थोपटलं.

पंचानं माझा हात उंच केला तेव्हा दुसऱ्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती. धनराजभाऊ मला मिठी मारत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून दार बघत होतो. मग तसाच, भुवईतून रक्त गळत, बाहेर पळालो.

बाबा लॉनच्या कडेला उभे होते. बाजूला एक आचारी कढया घासत होता, त्याला ते वडशाची बस विचारत होते.

"बाबा, मी जितलो."

"पाठ लागली. मी सोता पायलो."

"अजी, त्यानं थोपटलं! हार मानली त्यानं!"

"वर कोन होता? थो का तू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "शब्द शब्द असते. मंडईले ये."

झुंजीत आला नव्हता एवढा राग मला तिथे आला. जिंकूनही ह्या माणसासमोर मी हरलेलाच. मी तिथेच गवतावर धाडकन आडवा झालो.

"या मंग. चीत पडलो आहो मी. जितून दाखवा."

"ऊठ. लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या. मुखरू पैलवान भेला म्हणतीन."

हे बोलायला नको होतं, पण लागू पडलं. बाबांनी पिशवी ठेवली. दुखरे गुडघे जपत खाली बसले, माझ्यावर वाकले आणि उजव्या हाताचा पंजा माझ्या छातीवर रोवून भार टाकला. काय भार होता! लोकेश त्यापुढे पोरगा वाटावा. मी मनगट धरलं, कंबर फिरवली, पाय टाकले. त्यांचं कोपर माझ्या मांड्यांमध्ये आलं. मी कंबर जराशी उचलली.

त्यांचा चेहरा बदलला. आपण वर आहोत आणि तरी सापडलो आहोत, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

"थोपटा बाबा."

ते थोपटेनात. दात आवळलेले, कपाळावरची शीर टरारलेली. मी अजून थोडं उचललं.

"थोपटा नं! हात जाईन तुमचा!"

नाहीच. ते डोळे न मिटता माझ्याकडे बघत होते. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आणखी बोटभर उचललं असतं तर कोपर गेलं असतं, विळा धरणारं कोपर. मी सोडून दिलं.

बाबा गवतावर बसून कोपर चोळत राहिले. आचाऱ्यानं कढई घासणं थांबवलं होतं. आता म्हणतील, सोडलंस म्हणजे हरलास, असं मला वाटलं.

"सोडलास काऊन?"

"मोडला असता."

"हव," ते म्हणाले. "मोडलाच होता."

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पिशवीवर ठेवली, पुन्हा गुडघ्यांवर आले आणि पंजा माझ्या छातीवर ठेवला. ह्या वेळी हलकाच.

"फिरून लाव. दमानं लाव. दुसरा पाय कुठून आणला, थे मले दिसलं नाई."