बारावी लेव्हल आणि वाकडं अंगण

मास्तर वीस वर्षं गॅरेजात ड्रम शिकवत होते. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची, तालातली आणि बेताल. शाळा सोडून दिवसभर हातातल्या गेमची बटणं बडवणारी त्यांची लेक ठिणगी अर्थातच दुसऱ्या प्रकारातली.

"तुमच्या अख्ख्या क्लासपेक्षा मी तालात आहे," ठिणगी फणकारली. अख्खा क्लास म्हणजे दोन शिष्य. एक जांभया देणारा, एक मान डोलावणारा.

"मग होऊन जाऊ दे! आधी मी, मग तू. हरलीस तर हे खेळणं कपाटात आणि उद्या सकाळी सहाला ड्रमवर. मी हरलो तर पुन्हा क्लासचं नाव काढणार नाही."

ठिणगीला आणखी काय हवं होतं? तिनं बारावी लेव्हल लावली. वरून गोळे पडतात, रेघेवर आले की ठोक्याला बटण दाबायचं, तीन चुकले की खेळ खलास. गेमचा स्पीकर कधीच मेला होता. तिनं आपले बिनवायरचे इअरफोन बाबांच्या कानात खोचले, अगदी मायेनं.

मास्तरांनी डोळे अर्धे मिटले. कलावंत ना! सात सेकंदांत आटोपले.

"आवाज गोळ्यांच्या मागून येतोय!" मास्तर लालेलाल.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

जांभईवाला चक्क जागा झाला.

आता अंगण खरंच वाकडं होतं. त्या इअरफोनमधून आवाज उशिरा पोचतो, हे ठिणगीला पक्कं ठाऊक. म्हणून तर सहा महिने ती आवाज बंद करून नुसत्या डोळ्यांनी खेळत होती. आताही तिनं इअरफोन आपल्या कानात घातले, गुपचूप आवाज शून्यावर नेला आणि सुटली. डोलणारा "वा, वा!" करायला लागला. गाणं त्यालाही ऐकू येत नव्हतं, पण सवय.

मास्तर तिच्या मागे जाऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "चहा घेणार का गं?"

"हो, साखर कमी," ठिणगी म्हणाली. एकही गोळा न चुकवता.

मग तिनं जीभ चावली. लेव्हल पार झाली, पण टाळी कुणी वाजवली नाही.

"कानात गाणं, आणि माझी कुजबुज ऐकू आली?" मास्तरांनी खणातून वायरचे हेडफोन काढले. "आता आवाज लावून खेळ, पैज तीच. की घाबरलीस?"

शहाणी पोरगी म्हणाली असती, पैज संपली, मी जिंकले. पण हिचं नाव उगाच ठिणगी पडलं नव्हतं.

"आणा इकडे!"

गाणं सुरू झालं. त्यात गोळ्यांखेरीज भलतेच दहा ठोके धडधडत होते. डोळे म्हणाले दाब, कान म्हणाले थांब, बोटं बिचारी कुणाचं ऐकणार? पाच सेकंद. बाबांपेक्षाही दोन कमी.

कपाटाला कुलूप लागलं. "सहाला," म्हणत मास्तर चहा टाकायला गेले. साखर कमी.

ठिणगीला हरल्याचा राग नव्हताच म्हणे. सहा महिने ज्या गाण्यापायी बोटं झिजवली, ते इतकं भिकार निघावं?