ताठ बसून दिलेलं माप

१९८८ साली सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या त्या कायमच्या. आमचं बिऱ्हाड त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा अरुंद की कपाटसुद्धा दोरानं वर चढवावं लागलं होतं. त्यामुळे त्यांनी आमच्याकडे यायचा प्रश्नच नव्हता. धाकट्या भाऊजींचं घर मात्र तळमजल्यावर, ऐसपैस, पण दुसऱ्या शहरात.

"वहिनी, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो," ते म्हणाले. "आईला एकटीला चहा-जेवण जमत असलं तर राहू दे तिला इथे. नाहीतर खुर्चीसकट घेऊन जातो."

"मी काय कपाट आहे, उचलून न्यायला?" सासूबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मी तेव्हा फर्निचरच्या कारखान्यात स्वयंपाकघरांचे आराखडे काढायचे. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी काढले. आता घरच्याच माणसाला उपयोगी पडले नाहीत तर काय कामाचे? मी आणि कारखान्यातले मिस्त्री कामाला लागलो. त्यांच्या ओट्याखालचे कप्पे काढून गुडघ्यांना जागा केली आणि ओटा लाकडी पायांवर घेतला. शेगडीची बटणं पुढे आणली, म्हणजे जाळावरून हात न्यायला नको. नळापासून शेगडीपर्यंत ओटा सलग ठेवला, म्हणजे भरलेलं पातेलं उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. गरम पाण्याच्या नळीला जाड कापड गुंडाळलं, म्हणजे गुडघ्यांना चटका बसायला नको. ओट्याच्या कडेला लाल पट्टी लावली, कारण त्यांना संध्याकाळी कमी दिसायचं.

आमचे हे रोज विचारायचे, "झालं का?" आणि उत्तर ऐकायच्या आत पेपरमागे जायचे.

ओटा तयार झाला त्या दिवशी सासूबाईंनी तीनदा चहा केला. मला मात्र चैन पडेना. काहीतरी खुपत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मी कारखान्यातून दुपारी उगाचच तिथे जायचे, नळ उघडून बघायचे, बटणं फिरवून बघायचे.

"अगं, बस की जरा," त्या म्हणायच्या. "पायाला चाकं मला लागलीत, तुला नाही."

रविवार तीन दिवसांवर आला. गुरुवारी गेले तर भर उकाड्यात त्या मांडीवर पांघरूण घेऊन बसलेल्या. मी ते ओढलं. मांडीवर तळहाताएवढा लालभडक डाग.

"दूध सांडलं," त्या म्हणाल्या. "धाकट्याला सांगू नकोस."

"कसं सांडलं?"

"हात वर करून करून दुखायला लागतो. मग पातेलं कलतं."

आणि त्यांच्याखाली एक सोडून दोन उशा. उंच व्हायला घेतलेल्या. त्यामुळे पाय पायपट्टीवर टेकत नव्हते, लोंबकळत होते.

घरी येऊन मी माप तपासलं. आकडे बरोबर. पुन्हा तपासलं. कोपराची जमिनीपासूनची उंची घ्यायची आणि ओटा तिच्यापेक्षा किंचित खाली ठेवायचा, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. मग चूक कुठे? रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी मिस्त्रींना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, माप तर चोख. आजी काय ताठ बसल्या होत्या, फोटोला बसल्यासारख्या."

मी जागीच थांबले. खरंच की. माप घ्यायला परका माणूस येणार म्हणून त्यांनी केस विंचरले होते, नवे कपडे घातले होते आणि पाठ अशी सरळ केली होती की आम्ही दोघं कौतुकानं बघत राहिलो. तशा त्या एरवी पाच मिनिटंसुद्धा बसत नव्हत्या. आम्ही सासूबाईंचं नाही, त्यांच्या रुबाबाचं माप घेतलं होतं.

शनिवारी सकाळी मी उशा काढल्या, त्यांच्या मांडीवर मटार सोलायला दिले आणि धाकट्या जाऊबाईंचा विषय काढला. दहा मिनिटांत सासूबाई रंगात आल्या. खांदे पडले, पाठ वाकली. मिस्त्री मागून चवड्यांवर आले आणि कोपराशी भिंतीवर खडूची रेघ मारून गेले.

"मांजर आलं का गं?"

"नाही हो आई, तुम्ही बोला."

दोन इंचांचा फरक निघाला. दुपारपर्यंत मिस्त्रींनी ओट्याचे पाय कापले.

रविवारी भाऊजी आले. सासूबाईंनी पातेलं नळाखालून शेगडीवर सरकवलं, चहा केला, कप काठावर ठेवला. भाऊजींनी एक घोट घेतला, मग त्यांची नजर आईच्या मांडीवर, पातळाखालून फुगून दिसणाऱ्या मलमपट्टीवर गेली.

"हे काय झालं?"

मी खाली बघितलं. सासूबाईच म्हणाल्या, "भाजलं. ओटा उंच होता, तो काल कापला. तुझ्या घरचा कोण कापणार?"

 भाऊजी ओट्याशी खुर्ची ओढून बसले आणि आपलं कोपर त्यावर टेकवून पाहिलं. "सहा महिने बघू," म्हणाले.

सासूबाई त्या घरात अकरा वर्षं राहिल्या. गेल्या त्या सकाळी ओट्यावर अर्धा चिरलेला बटाटा होता. भाऊजींनी 'सहा महिने' हा विषय परत काढला नाही. साठी उलटल्यावर त्यांनी मिस्त्रींना घरी बोलावून आपलाही ओटा कमी करून घेतला. मिस्त्री हात थरथरेपर्यंत काम करत होते, आता मुलीकडे असतात. आमचे हे पेपर वाचतावाचताच गेले. ती खडूची रेघ घर विकलं तेव्हा रंगाखाली गेली.

गेल्या महिन्यात माझ्या ओट्यासाठी माप घ्यायला एक मुलगी आली होती. मी आधी केस विंचरले. मग आठवलं, आणि तिला म्हटलं, "तू टेप ठेव बाजूला. आधी मटार सोलू."