पिमचे रबरी बूट

तीन महिन्यांसाठी टिलबर्गला आले होते, तो दुसरा हिवाळा लागला. माझं वय बघून मुलगा, रविराज, मला विमानात बसवायला तयार नव्हता, आणि साथीच्या भीतीने दाराबाहेर सोडायलाही नव्हता. सूट एकच, पिमला फिरवायचं. तो नि सून दिवसभर घरूनच कामाला बसलेले, नात मैत्रीची शाळा स्क्रीनवर. म्हणून कुत्रा माझ्या वाट्याला आला. दुपारी कालव्याच्या पुलापर्यंत जायचं नि परतायचं. एवढंच माझं नेदरलँड्स.

फेब्रुवारीत बर्फ पडला. तो वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकलं. पिम कोपऱ्यापर्यंत गेला की एक पाय वर धरून विव्हळायचा. मिठाने तळवे भेगाळून लाल झाले होते.

"बास आता," रविराज म्हणाला. "बाल्कनीत खोटं गवत टाकू. तिथंच करेल तो. तू घसरशील ही भीतीही नको."

"अरे, त्याला बूट घेऊ की."

"कुत्र्याला? आई, तुला बूट घालायला लावताना माझी दमछाक झाली होती!"

दुकानं बंद, घालून बघायची सोय नव्हती. मैत्रीने पिमचा पंजा कागदावर टेकवून पेन्सिलीने गिरवला आणि कॉम्प्युटर उघडला. तिला जाड तळाचे, पट्ट्यांचे लाल बूट आवडले. मी पातळ रबरी दाखवले, फुग्यासारखे, पांढरे.

"दे आर सो अग्ली, आजी!"

"दोन्ही मागव. नकोत ते परत पाठवू."

लाल बुटांत पिम खांबासारखा उभा राहिला. पाय कुठे टेकतोय तेच त्याला कळेना. रबरी चढवताना माझी बोटं दुखली, पण त्यात तो निदान चिखल तुडवल्यासारखा पाय उचलून हलला. ते ठेवले. सोबतच्या कागदावर होतं, आधी घरात घालून सवय करा.

घरात? आमच्या हॉलमध्ये बुद्धमूर्ती. सकाळ-संध्याकाळ वंदना तिथंच. त्या खोलीत कुणाची चप्पल कधी गेली नाही. मी पिमला जिन्यात घेऊन बसले. गार फरशीवर तो बसकण मारायचा, ओढलं तरी उठत नसे. दोन-तीन दिवस असेच गेले.

"गवत मागवतो हं उद्या," रविराज म्हणाला.

म्हणजे मग मला दार उघडायला कारणच उरणार नव्हतं. संध्याकाळची वंदना झाल्यावर मी पिमला बूट चढवले आणि हॉलमध्ये सोडलं. मूर्तीकडे बघायचं टाळलं. मैत्री चीजचा तुकडा दाखवत पुढे, पिम फटक फटक मागे.

रविराज खोलीतून बाहेर आला. "आई! तुझ्या हॉलमध्ये बूट?"

"नवे आहेत. रस्त्यावर कुठे गेलेत अजून?"

तो हसला. "बरं. पण रस्त्यात रडला तर लगेच परत यायचं."

दुसऱ्या दुपारी पिम कोपरा ओलांडून थेट पुलापाशी गेला. तिथे बघते तर मागच्या पायातला एक बूट नाही. पांढऱ्या बर्फात पांढरा बूट कुठे शोधायचा? पिमने पाय वर धरला आणि सूर लावला.

मी मागे वळून पाहिलं. आमची खिडकी दिसत होती. रविराजची तिच्याकडे पाठ होती.

पिमला उचलून कोटात घेतलं आणि पूल चढले. पलीकडे मी कधी गेलेच नव्हते.