कुणाच्या हुकमाने

"हे व्हिजिटिंग कार्ड अर्जाला तुम्हीच जोडलंत?" टेबलापलीकडच्या तपास अधिकाऱ्यांनी, कुवाबारासाहेबांनी विचारलं.

आईने मान डोलावली. कार्डावर बाबांचं नाव होतं, कोहेई हिरासावा, आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत 'संचालक'. बाबा कामगार होते हे दाखवायला आम्ही श्रम कार्यालयात आलो होतो आणि आईने उलटाच पुरावा आपल्या हाताने दिला होता.

"आई, हे कशाला?" मी पुटपुटले.

"त्यांची ओळख नको का द्यायला?"

त्सुबामे गावातल्या एका काट्या-चमच्यांच्या कारखान्यात बाबा एकतीस वर्षं पॉलिशच्या चाकापुढे बसले. कंपनी नोंदवायला तेव्हा तीन संचालक लागायचे. मालकाने स्वतःचं, बायकोचं आणि बाबांचं नाव घातलं. बाबांनी सहीच्या जागी घरचा नावाचा शिक्का नेऊन उमटवला. त्यांना अशी शंभर कार्डं मिळाली आणि त्यांची हजेरी लावणं बंद झालं.

फेब्रुवारीत धुळीची नळी साफ करताना ते शिडीवरून पडले आणि गेले. कंपनीने कळवलं, अपघात विमा कामगारांचा असतो, संचालकांचा नाही. दुसऱ्याच्या हुकमाखाली पगारावर राबणारा संचालकही कामगार धरला जातो, पण ते सिद्ध करावं लागतं. नाही झालं, तर आईला पेन्शन मिळणार नव्हतं. हजेरीची नोंद तर नव्हतीच.

"त्यांना कामं कोण सांगायचं?" साहेबांनी विचारलं.

शेजारच्या चाकावर बसणारे नोझुएकाका साक्षीला आले होते. "मालकच की! 'डायरेक्टरसाहेब, संडास तुंबलाय' अशी हाक यायची आणि हा ब्रश घेऊन पळायचा. आम्ही पोट धरून हसायचो. तोही हसायचा." मग त्यांचं लक्ष आईकडे गेलं. "माफ करा, वहिनी."

आई टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"हे मोघम झालं," साहेब म्हणाले. "दिवस, तारीख सांगता येईल असं काही? रजा ते स्वतःच्या मर्जीने घ्यायचे का?"

नोझुएकाकांना तारीख आठवेना. बाहेर पुढचा माणूस खोकला. साहेबांनी फाइलची दोरी हातात घेतली.

"आई, सांग ना काहीतरी."

"माझं ऑपरेशन झालं तो दिवस," आई म्हणाली. "दवाखान्यात तारीख मिळेल. ह्यांनी अर्धा दिवस मागितला होता. मालक म्हणाले, आधी काट्यांचा लॉट संपव, मग जा. सकाळी ह्यांनीच फोन करून सांगितलं. संध्याकाळी सातला आले. हात काळेच होते."

साहेब लिहू लागले.

तो दिवस मला माहीत होता. मी एकोणीस वर्षांची होते आणि दवाखान्याच्या बाकावर एकटी बसले होते. ऑपरेशनला आत नेताना आई म्हणाली होती, बाबांची संचालकांची बैठक आहे. ती बैठक मी बाबांना कधी माफ केली नव्हती.

"तू मला बैठक सांगितलीस," मी म्हणाले.

"मग काय सांगायला हवं होतं?"

नोझुएकाका टोपी चुरगळत राहिले.

"दवाखान्याचा दाखला आणि मालकांचा जबाब घेऊ," साहेब म्हणाले. "निर्णय पत्राने येईल. आत्ता मी काही सांगू शकत नाही." त्यांनी अर्ज आईसमोर फिरवला. "मृताच्या व्यवसायाचा रकाना कोरा ठेवलाय. काय लिहू?"

आईने अर्जाला जोडलेल्या कार्डाकडे पाहिलं. ती 'संचालक' सांगेल, अशी मला धास्ती वाटली.

"पॉलिश कामगार," ती म्हणाली. मग थोडी पुढे वाकली. "चांगले कामगार होते, असं लिहिता येईल?"

"तशी पद्धत नाही, बाई."

"बरं."

साहेब लिहू लागले. त्यांचं पेन कागदावरून उचललं जाईपर्यंत आई त्याकडे बघत राहिली.