निळ्या काचेची कड

"पाचच नावं?" मी विचारलं.

"पाचच," फादर टूही म्हणाले. कागद टेबलावर ठेवून त्यांनी हात तसाच वर ठेवला, जशी काही मी तो पळवणारच होते. "तहाच्या आधी कॉलेजचे जे विद्यार्थी लढ्यात पडले, त्यांच्याच आठवणीची चॅपलची खिडकी आहे ही, डीलिया. नंतर झालं ते वेगळं. समितीने तसं ठरवलंय."

"समितीत कोण कोण आहे, फादर?"

"मी आहे," ते म्हणाले आणि टोपी शोधू लागले. टोपी डोक्यावरच होती.

मला राग यायला हवा होता, आला नाही. वर्षभरात राग नाही, रडू नाही. भूक लागली की खाते, एवढंच.

इंग्रजांशी तह झाला त्याआधी आमच्या पोरांना त्यांनी मारलं, ते हुतात्मे. तहानंतर तो मानणारे आणि न मानणारे असं आमच्यातच फाटलं, आणि तह न मानणाऱ्या माझ्या भावाला, फिंटनला, गेल्या वर्षी आमच्याच सरकारने तुरुंगाच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. पुरलंही तिथेच, आवारात. प्रेत मागायला आईने तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. मग ती मला लिहू लागली: त्याचं नाव कुठेतरी असू दे गं, मला हात ठेवायला.

यादीत पहिलं नाव कॉलम हेशन या मुलाचं. तो आणि फिंटन कॉलेजात एका खोलीत राहायचे, दोघांत मिळून एक ओव्हरकोट. एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. कॉलम रस्त्यात गोळी लागून पडला त्या दिवशी पाळी त्याची होती, म्हणून कोटही गेला.

आमच्या रंगीत काचेच्या खिडक्यांच्या कारखान्यात अक्षरं काढायचं काम माझं. काचेवर काळा रंग फासायचा, वाळू द्यायचा, मग काडीने खरवडून अक्षर मोकळं करायचं. उजेड तेवढ्यातूनच येतो. मग भट्टी. भट्टीतून निघालेलं पुसता येत नाही. पाचही नावं मी दोन दिवसांत काढली, आणि चांगली काढली.

तिसऱ्या दिवशी खिडकीच्या चित्रातल्या संत ब्रेंडनच्या नावेखालचा समुद्र हाती आला, निळी काच. तिच्या खालच्या कडेवर तुकडे जोडणारी शिशाची पट्टी बसते आणि कड झाकली जाते. त्या कडेला मी काळी रेघ ओढली आणि सुईने भावाचं पूर्ण नाव खरवडलं: फिंटन कफ. पण अक्षरं जरा उंच झाली, पट्टीबाहेर डोकावतील इतकी. हे कळलं ते भट्टीतून काढल्यावर.

तुकडे शिशात बसवायचं काम मिस्टर लूबींचं. त्यांचा मुलगा सरकारी फौजेत होता. कारखान्यात सगळ्यांना माहीत, पण कोणी विषय काढत नसे. त्यांनी तो तुकडा उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"कड आहे."

"चाळीस वर्षं कडाच बघतोय मी. मला शिकवू नकोस." त्यांचे ओठ हलले. वाचून झाल्यावर त्यांनी तुकडा खाली ठेवला. "नवी काच कापता येईल."

"येईल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ते उठले. अरुंद पट्टी जागेवर ठेवून त्यांनी रुंद पट्टी काढली. "इथे रुंद शिसं लागेल. वाऱ्याचा मारा असतो."

ती खिडकी आतल्या बंद अंगणाकडे आहे. तिथे वारा येत नाही.

"शिसं बदलायची वेळ शंभर वर्षांनी येते," पट्टी दाबत ते म्हणाले. "तेव्हा काय दिसायचं ते दिसू दे. तू नसशील, मी नसेन, समितीही नसेल. आता जा, माझ्या उजेडात उभी राहू नकोस."

मे महिन्यात खिडकीला आशीर्वाद दिला. नावाचं मी आईला कळवलं होतं; ती पहाटेच्या गाडीने आली होती. फादर टूहींनी पवित्र पाणी शिंपडलं आणि पाच नावं वाचली. प्रत्येक नावाला एकेका घरचे लोक मान झुकवत होते. आईने पाचही वेळा मान झुकवली.

सगळे चहाला गेल्यावर तिने विचारलं, "कुठे?"

"नावेखाली. निळं संपतं तिथे."

तिने उजवा हातमोजा काढला, अंगठा पट्टीवर ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू नेला.

"दिसत नाही गं काही."

"नाही दिसत. पण आहे, आई."

"गार आहे," ती म्हणाली.

नव्या शिशाचा काळा डाग तिच्या अंगठ्याला लागला होता. मी रुमाल पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली. हातमोजा पिशवीत टाकून ती चहाला आली, आणि कप तिने डाव्या हाताने धरला.